पहिला पाट: घरच्या घरी, हातच्या हत्यारांनी

सुतारकाम शिकायचं ठरवलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुस्तकांचं कपाट येतं, नाहीतर अभ्यासाचं टेबल. दोन्ही मोठी कामं आहेत. त्यांत पैसा अडकतो, जागा अडते आणि चूक झाली की ती आठ फुटांवर पसरते. त्यापेक्षा पाट करा. फळी सपाट करणं, फळ्या कडेला कड लावून जोडणं, माप काटकोनात आणणं, आडवी पट्टी बसवणं, पॉलिश करणं हे सगळं या एका वस्तूत येतं, आणि लाकूड लागतं जेमतेम पाव घनफूट. जमला की भाऊबीजेला, गणपतीला, रोज जेवायला बसायला कामी येतो.

इथे जो पाट करायचा आहे त्याची लांबी १८ इंच, रुंदी १४ इंच, फळीची जाडी ७ सूत. खाली दोन पट्ट्या, प्रत्येकी १३ इंच लांब, १४ सूत रुंद आणि १२ सूत उंच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिलिमीटरहून किंचित जास्त. वखारीत आणि सुतारांमध्ये मापं याच भाषेत बोलली जातात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सुतात मोजायची सवय लावा.

लाकूड कुठल्या दिशेला हलतं

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. पाटाची सगळी रचना यावर उभी आहे.

कापून, वाळवून, पॉलिश करूनही लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ओल घेतली की फुगतं, सोडली की आकसतं. पण सगळीकडे सारखं नाही. झाडाच्या उंचीच्या दिशेला, म्हणजे फळीवरच्या रेषा धावतात त्या दिशेला, फरक जवळपास शून्य. रेषांना आडव्या दिशेला मात्र तो चांगला जाणवतो. साग हे तुलनेनं शांत लाकूड, तरी १४ इंच रुंदीची सागाची फळी नागपूर-चंद्रपूरकडच्या घरात मेच्या कोरड्या हवेपासून ऑगस्टच्या ओलीपर्यंत एक ते सव्वा सूत फुगू शकते. मुंबईत आणि कोकणात हवा वर्षभरच दमट, म्हणून तिथे हा फरक साधारण निम्म्यावर येतो.

आता पाटाकडे बघा. वरच्या फळीच्या रेषा लांबीच्या दिशेनं धावतात. खालच्या पट्ट्या त्यांना आडव्या बसतात. पट्टीची लांबी बदलत नाही, पण तिच्यावरच्या फळीची रुंदी बदलते. पट्टी डिंक लावून वर खिळे ठोकून पक्की केली, तर उन्हाळ्यात फळी आकसायला बघते आणि पट्टी तिला सोडत नाही. शेवटी फळी मधोमध चिरते. माळ्यावरचा जुना पाट काढून बघा, मधून गेलेली लांब चीर दिसली तर कारण बहुधा हेच.

जुन्या कसबी सुतारांनी यावर सुंदर तोडगा काढला होता. फळीच्या खालच्या बाजूला आडवी खाच, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद. पट्टीची वरची कडही तशाच आकाराची, आणि ती बाजूनं ठोकत ठोकत खाचेत सरकवायची. ना खिळा, ना डिंक. फळी हवी तितकी फुगू-आकसू शकते, पट्टी तिला फक्त सपाट धरून ठेवते. पूजेच्या पाटाला लोखंड नको असं अनेक घरांत मानतात, तेही या पद्धतीत आपोआप साधतं. पण ती खाच हातानं घट्ट बसेल अशी करायला सराव लागतो. पहिल्या पाटाला आपण तेच तत्त्व लांबट भोकं आणि पितळी स्क्रू वापरून पाळू.

कोणतं लाकूड, किती, आणि कसं पारखायचं

साग मिळाला तर साग. रंध्याखाली नीट चालतो, कमी हलतो, वाळवी आणि पाण्याला टिकतो. दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या: त्यात वाळूसारखे कठीण कण असतात म्हणून हत्याराची धार लवकर जाते, आणि तो तेलकट असल्यानं डिंक लावताना थोडी काळजी घ्यावी लागते. आलापल्ली-बल्लारपूरकडचा जुना साग नावाजलेला. बाजारात आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला लागवडीचा सागही भरपूर असतो. तो स्वस्त पडतो, पण झाडं कोवळी असल्यानं त्यात सालीलगतचा पांढरा भाग जास्त निघतो. हा पांढरा भाग किडीला आवडतो, म्हणून घेताना फळीत तो शक्य तितका कमी बघा.

कोकणात फणसाचं लाकूड मिळत असेल तर ते उत्तम. ताजं पिवळंधमक असतं, वर्षा-दोन वर्षांत तांबूस तपकिरी होतं. शिवण हलकं आणि मऊ, शिकाऊ हाताला सोपं. शिसव देखणं पण कठीण. पहिल्या पाटाला त्याच्या वाटेला जाऊ नका. आंबा स्वस्त असतो, पण त्याला भुंगा लागतो. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्यांतून पडणारं पिठासारखं बारीक पीठ दिसलं तर ती फळी घरातही आणू नका.

पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन रंध्याच्या सरावाला चांगलं. परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूनं. दुसरं घेऊ नये.

वखारीत लाकूड घनफुटानं विकतात. हिशेब असा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. आपल्याला हवेत २० इंच लांब, ५ इंच रुंद, ९ सूत जाड असे ३ तुकडे. एका तुकड्याचे १.६७ × ५ × १.१२५ भागिले १४४, म्हणजे ०.०६५ घनफूट. तिन्हींचे साधारण ०.२०. पट्ट्यांसाठी १५ इंच लांब, २ इंच रुंद, पावणेदोन इंच जाड असे २ तुकडे, त्यांचे ०.०६. सगळं मिळून ०.२६ घनफूट. एवढ्याशा मालासाठी अख्खी फळी कापून मागू नका. वखारीच्या कोपऱ्यात उरलेल्या तुकड्यांचा ढीग असतो, तिथूनच निवडा. जुन्या घरांचं पाडलेलं सागवान मिळालं तर सोनंच, पण रंधा लावण्याआधी प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवा. आत तुटून राहिलेला एक खिळा पात्याला खोल दाता पाडतो.

फळी डोळ्यांच्या रेषेत धरून कडेनं बघा. रेषा शक्यतो सरळ, कडेपर्यंत धावणाऱ्या हव्यात. गाठी नकोत, टोकाला चिरा नकोत. फळी पिळलेली असेल तर ती सोडा: एका बाजूला वाकलेली फळी रंधून सरळ होते, पिळलेली सरळ करताना अर्धी जाडी जाते.

घरी आणल्यावर लगेच कापायला घेऊ नका. तुकडे एकमेकांवर रचा, मध्ये अर्ध्या इंचाच्या रिपा घाला म्हणजे हवा खेळेल, आणि जिथे पाट वापरला जाणार त्याच घरात २ ते ३ आठवडे ठेवा. ओल मोजायचं यंत्र असेल तर आकडा १२ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. एका तुकड्याचं वजन दर दोन दिवसांनी तारखेसह त्याच तुकड्यावर पेन्सिलीनं लिहा. वजन उतरत असेल तर लाकूड अजून वाळतंय. आठवडाभर आकडा हलला नाही की लाकूड तुमच्या घराच्या हवेशी जुळलं असं समजायचं. ओलं लाकूड घाईनं जोडलं तर पुढच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

हत्यारं

यंत्रं आत्ता घेऊ नका. बिल्डिंगमध्ये आवाज आणि धूळ दोन्ही अडचणीची, आणि हातात लाकडाची जाण येण्याआधी यंत्र चुका फक्त वेगानं करतं.

लागणारी हत्यारं अशी: १४ इंच लांबीचा, २ इंच पात्याचा लोखंडी रंधा; इंचाला १० ते १२ दात असलेली करवत; अर्ध्या आणि एक इंचाची पटाशी; लाकडी हातोडा; काटकोन तपासायचा गुण्या; स्टीलची फूटपट्टी; धारदार चाकू; ड्रिल, मग ते हातानं फिरवायचं असो वा बॅटरीचं; १६ मिलिमीटरचं चपटं बिट, ५ आणि ३ मिलिमीटरची साधी बिटं; बारीक गोल कानस; फळ्या आवळायला ३ लांब क्लॅम्प. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क. सागाच्या भुशानं काहींना शिंका येतात, त्वचेला खाज सुटते.

काम धरायला टेबल नसेल तर ४ फूट लांब, १० इंच रुंद, २ इंच जाड अशी एक फळी घ्या, तिच्या एका टोकाला अर्ध्या इंचाची पट्टी आडवी ठोका आणि ती फळी भक्कम टेबलाला क्लॅम्पनं आवळा. रंधा मारताना लाकूड त्या पट्टीला टेकतं, पुढे सरकत नाही. सुतार जमिनीवर बसून पायानं लाकूड धरतात ते बघायला सोपं वाटतं, पण पटाशीसमोर पाय ठेवण्याची चूक नवख्यानं करू नये. पटाशी चालवताना दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे.

लांब क्लॅम्प महाग वाटले तर पाचरांवर काम होतं. एका जाड फळीवर दोन पट्ट्या समांतर ठोका, त्यांच्यामधलं अंतर जोडायच्या फळ्यांच्या एकूण रुंदीपेक्षा दीड इंच जास्त. उरलेल्या फटीत पाचरांच्या दोन जोड्या समोरासमोर घालून ठोकायच्या. पाचर ८ इंच लांब आणि एका टोकाला १ इंच जाड असली की पुरते. दाब क्लॅम्पइतकाच येतो.

धार आधी, काम नंतर

नवा रंधा दुकानातून आणला की त्याला धार नसते, फक्त धारेचा आकार असतो. नवशिक्यांचा निम्मा वैताग इथून येतो. लाकूड उचकटतं, रंधा उड्या मारतो, आणि दोष लाकडाला दिला जातो.

जाड काचेच्या तुकड्यावर ४००, १००० आणि २००० नंबरचा पाण्यात चालणारा पॉलिश पेपर ओला करून चिकटवा. आधी पात्याची (पटाशीचीही) सपाट पाठ घासा, धारेलगतचा अर्धा इंच आरशासारखा होईपर्यंत. हे एकदाच करायचं असतं. मग उतरती बाजू साधारण ३० अंशांत टेकवून ४०० वर घासा. पाठीमागच्या कडेवरून बोटाचं टोक हलकेच बाहेरच्या दिशेनं फिरवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खरखरीत किनार लागली की तिथवर धार पोचली. अर्ध्याच भागात लागत असेल तर काम अर्धंच झालंय. मग १०००, मग २०००, आणि शेवटी पाठ सपाट टेकवून दोन-चार हात, म्हणजे ती किनार निघून जाते. कसोटी पाइनच्या टोकावर घ्या: उभ्या रेषा कापल्या जातात ती बाजू पटाशीनं तासली की पृष्ठभाग गुळगुळीत यायला हवा. चुरा होत असेल तर परत घासा.

सागावर काम करताना दर अर्ध्या-पाऊण तासानं २००० वर दोन मिनिटं द्या.

फळ्या सपाट करणं

प्रत्येक तुकड्याची चांगली बाजू ठरवा. दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवा आणि एका टोकाकडून डोळा खाली नेऊन बघा. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या तर फळीत पीळ नाही. एक कोपरा वर दिसला तर तो आणि त्याच्या तिरका समोरचा कोपरा, दोन्ही उंच आहेत. आधी तेवढेच कोपरे खाली आणा.

रंध्याची दिशा फळीच्या कडेवर लिहिलेली असते. कडेवरच्या रेषा ज्या दिशेला वर चढतात त्या दिशेला रंधा ढकलायचा. उलटा मारला तर पातं रेषांखाली शिरतं आणि लाकूड टवके काढत उचकटतं. उचकटायला लागलं की फळी फिरवा, जोर वाढवू नका. सुरुवातीला दाब पुढच्या हातावर, शेवटी मागच्या हातावर. हे साधलं नाही तर फळीची टोकं उतरती होतात आणि मध्ये उंचवटा राहतो. कीस कागदासारखा, अखंड यायला हवा. भुग्यासारखा येतोय म्हणजे धार गेली, आणि जाड तुकडे येतायत म्हणजे पातं जास्त बाहेर आहे.

फळीवर पेन्सिलीनं नागमोडी रेघा मारून ठेवल्या तर कुठे रंधा लागला आणि कुठे नाही ते लगेच कळतं. तिन्ही फळ्या साडेसात सुतापर्यंत आणा. उरलेलं अर्धं सूत जोडल्यानंतरच्या सफाईला.

कडा जोडणं

तिन्ही फळ्या शेजारी मांडून रेषांचा मेळ बघा, रंग जुळवा, आणि सगळ्यांच्या रेषा एकाच दिशेनं चढतील अशा ठेवा. नाहीतर जोडल्यावर रंधा मारताना एक फळी गुळगुळीत होते आणि शेजारची उचकटते. मनाजोगती मांडणी झाली की तिन्हींवर मिळून एक मोठा त्रिकोण पेन्सिलीनं काढा. फळ्या कितीही उलटसुलट झाल्या तरी त्रिकोण परत जुळवला की क्रम परत मिळतो.

आता पहिली आणि दुसरी फळी मिटलेल्या पुस्तकासारखी एकमेकींवर घ्या, जोडायच्या दोन्ही कडा वर, आणि दोन्ही मिळून एकदम रंधा मारा. दोन्हींची जाडी मिळून १५ सूत, आपलं पातं १६ सुतांचं, म्हणजे पातं दोन्ही कडांवर पुरतं. या युक्तीत एक मोठी सोय आहे: रंधा थोडा तिरका चालला तरी एका कडेचा कोन जितका बाहेर जातो तितकाच दुसरीचा आत येतो, आणि पुस्तक उघडलं की दोन्ही मिळून फळी सपाट बसते. मग दुसरी आणि तिसरी तशीच.

तपासणी उजेडाशी. एक फळी दुसरीच्या कडेवर उभी ठेवून मागे खिडकी येईल असं धरा. टोकांना उजेड दिसला तर कड मध्ये फुगलेली आहे, आणि हा दोष चालत नाही. क्लॅम्पनं दाबून तो आज मिटेल, पण सांधा पुढच्या उन्हाळ्यात टोकापासून उघडेल. मध्ये कागदाच्या जाडीएवढा उजेड मात्र चालतो, उलट चांगलाच. टोकं घट्ट राहतात.

डिंक पाण्यात न सुटणारा, मरीन प्रकारचा घ्या. पाट धुतला-पुसला जातो, साध्या पांढऱ्या डिंकाचा सांधा त्यात टिकत नाही. साग असेल तर कडा ताज्या रंधलेल्या असू द्या, डिंकाच्या आधी थिनरनं फडकं ओलं करून एकदा पुसा, ते उडून जाऊ द्या आणि तासाभरात जोडून टाका. दोन्ही कडांना पातळ थर. क्लॅम्प दोन खालून, एक मधोमध वरून, म्हणजे फळी धनुष्यासारखी वाकत नाही. फळी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये प्लॅस्टिक घाला. ओला डिंक आणि लोखंड एकत्र आले की सागावर काळे डाग पडतात आणि ते खोल जातात. सांध्यातून डिंकाचे बारीक मणी एका ओळीत बाहेर आले की आवळणं पुरे. सगळाच डिंक पिळून काढला तर सांध्यात काही उरत नाही.

बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्यानं पुसायचा मोह होतो. तो टाळा. पातळ झालेला डिंक लाकडाच्या छिद्रांत बसतो आणि पॉलिश केल्यावर तिथे फिकट ढग दिसतात. तासा-दीड तासानं तो रबरासारखा झाला की पटाशीनं अलगद सोलून निघतो. क्लॅम्प ८ तास, आणि पुढचं काम २४ तासांनंतर.

मापात आणणं

वरची बाजू आधी सपाट करा, रंधा अगदी बारीक लावून. मग एक लांब कड सरळ करा, तिच्यावरून १४ इंच मोजून दुसरी. टोकांची रेघ पेन्सिलीनं नाही, गुण्याला टेकवून चाकूनं मारा. चाकू वरचे तंतू आधीच कापतो, त्यामुळे करवतीनं काठ फाटत नाही. रेघेच्या बाहेर करवत चालवा, उरलेला केसभर भाग रंध्यानं काढा. टोकाला रंधा नेहमी दोन्ही कडांकडून मध्याकडे मारायचा. सरळ आरपार नेला तर पलीकडच्या कडेचा कोपरा फुटून जातो. शेवटी कोपऱ्याला कोपरा तिरकं मोजा. दोन्ही मापं अर्ध्या सुताच्या आत सारखी आली की पाट काटकोनात आहे.

कोपरे रुपयाचं नाणं ठेवून आखा आणि कानशीनं गोल करा. वरच्या-खालच्या सगळ्या कडांची धार एक सूत मारा. मांडी घालून बसल्यावर टोकदार कड पोटरीला काचते.

पट्ट्या

दोन्ही पट्ट्या एकत्र धरून एकाच वेळी रंधा, म्हणजे उंची नक्की सारखी येते. प्रत्येक पट्टी पाटाच्या टोकापासून अडीच इंच आत बसेल. त्याहून आत नेली तर पाटाच्या काठावर बसणारा माणूस उलटतो.

एका पट्टीला तीन भोकं: एक मधोमध, दोन त्याच्यापासून प्रत्येकी साडेपाच इंचांवर. पट्टीच्या खालच्या बाजूनं १६ मिलिमीटरच्या चपट्या बिटानं ७ सूत खोल खड्डा पाडा. १२ सुतांपैकी आता ५ सूत उरले. त्यातून ५ मिलिमीटरचं आरपार भोक. बिटाच्या खुणेला रंगीत चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही.

मधलं भोक गोलच ठेवा. कडेची दोन्ही भोकं गोल कानशीनं पट्टीच्या लांबीच्या दिशेनं दोन्हीकडे २-२ मिलिमीटर घासून लांबट करा. पट्टीच्या रुंदीच्या दिशेनं घासू नका, तिथे ढिलाई नको. पाटाच्या फळीला जे मोकळेपण द्यायचं ते सगळं या दोन लांबट भोकांत आहे.

स्क्रू पितळी, गोल डोक्याचे, ८ नंबर, सव्वा इंच लांब, खाली वॉशर. सव्वा इंच म्हणजे १० सूत: ५ सूत पट्टीत, ५ सूत ७ सुतांच्या फळीत, वर २ सूत शिल्लक. हे गणित स्क्रू घालण्यापूर्वी प्रत्यक्ष मोजून परत एकदा करा. एखादी पट्टी सुतानं कमी भरली असेल तर स्क्रूचं टोक बसायच्या जागेच्या अगदी जवळ येतं. फळीत ३ मिलिमीटरचं भोक आधी पाडायचं. पितळ मऊ असतं, सागात थेट पिळलं तर डोकं तुटून हातात येतं. म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी एकदा घालून काढायचा, मग पितळी, त्याच्या आट्यांवर साबण चोळून.

पट्टीला डिंक लावायचा असेल तर फक्त मधल्या स्क्रूभोवती, दीडेक इंच जागेत. बाकी पट्टी कोरडी. पावसाळ्यात पाट करत असाल तर कडेचे स्क्रू लांबट भोकाच्या बाहेरच्या टोकाकडे ठेवा, कारण फळी आता आकसत जाणार. एप्रिल-मेमध्ये करत असाल तर आतल्या टोकाकडे. स्क्रू घट्ट टेकला की थांबा. वॉशर लाकडात रुतेल इतका पिळला तर भोक लांबट केल्याचा काही उपयोग राहत नाही.

पाट स्वयंपाकघरातल्या कडप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून कोपरे दाबा. डुगडुगला तर ओट्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर पसरून त्यावर पाट दहा-बारा वेळा पुढे-मागे ओढा. उंच कोपरा आपोआप घासला जातो. नुसत्या अंदाजानं एकेक पाय तासत बसलात तर पाट खाली खाली येत राहील आणि डुगडुगणंही थांबणार नाही.

घासणं आणि तेल

पेपर १२०, मग १८०, मग २४०, नेहमी रेषांच्या दिशेनं. आडवा घासलेला एकही ओरखडा तेल लावल्यावर लपत नाही. १८० नंतर ओलसर फडकं फिरवून वाळू द्या. दबलेले तंतू उभे राहतात, ते २४० नं काढा. नाहीतर पहिल्याच पाण्याच्या थेंबाला पाट खरखरीत होतो.

चपडी लाखेचं पॉलिश देखणं, पण गरम वाटी ठेवली की पांढरा गोल उमटतो, आणि पावसाळी दमट हवेत लावताना ते स्वतःच पांढुरकं पडतं. जेवायच्या पाटाला ते नको. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे तीन-चार पातळ हात टिकाऊ असतात, पण ओरखडा पडला तर दुरुस्ती अवघड. पहिल्या पाटाला उकळलेलं जवस तेल बरं. फडक्यानं भरपूर लावा, २० मिनिटं मुरू द्या, मग वर राहिलेलं सगळं कोरड्या फडक्यानं पुसून काढा. वर थर राहिला तर तो आठवडाभर चिकट राहतो. असे तीन हात, दोन हातांमध्ये एक दिवस, पावसाळ्यात तीन. टोकाच्या बाजू जास्त तेल पितात, त्यांना एक हात जादा.

दोन गोष्टी इथे ठळक सांगायच्या आहेत. पहिली: तेल लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळा केलेल्या फडक्यात ती साठून आपोआप पेट घेऊ शकते. फडकी दोरीवर एकेक सुटी वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. दुसरी: पाटाच्या खालच्या बाजूलाही तितकेच हात द्या. खालून कोरा राहिलेला पाट खालच्याच बाजूनं ओल घेतो, ती बाजू फुगते आणि वरची बाजू वाटीसारखी खोलगट होते.

तेल वाळायला दहा-पंधरा दिवस द्या, मग मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात आणि सुती कापडानं घासणं. रोजच्या वापरात पाट ओल्या फडक्यानं पुसला तर चालतो, पाण्यात बुडवून ठेवू नये, आणि धुतल्यावर उन्हात आडवा टाकू नये. भिंतीला उभा टेकवावा, दोन्ही बाजूंना हवा लागेल असा. पहिला पावसाळा आणि पहिला उन्हाळा गेला की उलटा करून कडेचे स्क्रू बघा: वॉशरशेजारी लाकडावर बारीकशी सरकल्याची खूण दिसेल. फळी हलली आणि चिरली नाही, असा त्याचा अर्थ. स्क्रू ढिले वाटले तर पाव आटा आवळा, टोकांना तेलाचा एक हात द्या आणि पाट परत वापरात आणा.